काम वाटतात, किल्ली ठेवतात

पुरस्कार तोच, माणूस दुसरा. आज त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेला इंदिरा गांधी पुरस्कार ‘फँड्री’ला मिळाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे, गाव जेऊर, तालुका करमाळा. हे जेऊरच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ६६व्या पुरस्कारांत तोच मान ‘नाळ’ला मिळाला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ‘नाळ’चे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी. नागराजच्या ‘सैराट’चे कॅमेरामन तेच. ‘नाळ’च्या निर्मात्यांत नागराज, संवाद नागराजचे, त्यातल्या चैत्या नावाच्या पोराच्या बापाची भूमिकाही नागराजची. दिग्दर्शकाची खुर्ची मात्र सुधाकर रेड्डींची. काल ज्याला आपण ‘इथून घे, तिथून घे’ म्हणत होतो, त्याच्यासमोर आज नट म्हणून उभं राहायचं आणि तो सांगेल तिकडं बघायचं, याला छाती लागते.

हे एकदाच घडून गेलं असंही नाही. २०२३ मध्ये ‘घर बंदूक बिरयानी’ आला. दिग्दर्शक हेमंत जंगल अवताडे. तिथंही नागराज लेखनात, निर्मितीत आणि पडद्यावर आहेत, खुर्चीत नाहीत. त्याच वर्षी ‘नाळ २’ आला, पुन्हा सुधाकर रेड्डींचा. ७१व्या पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातली तीन पोरं, श्रीनिवास पोकळे, त्रिशा ठोसर, भार्गव जगताप, बालकलाकाराच्या राष्ट्रीय पुरस्काराची मानकरी झाली. एका माणसानं खुर्ची सोडली आणि केवढ्या जणांना जागा झाली, बघा.

आपण ‘सैराट’मधून काय घेतलं? ‘झिंगाट’ घेतलं. वरातीत घेतलं, गणपतीत घेतलं, डीजेच्या भिंती हादरवून घेतलं. नाचलो ते चांगलंच केलं. पण आपल्याच तालुक्यातल्या माणसानं हाताखालच्यांना पुढं काढायची जी रीत दाखवली, ती मात्र आपण घरी नेली नाही. ना दुकानात नेली, ना संस्थेत, ना ग्रामपंचायतीत.

त्या रीतीकडं जरा जवळून बघू. सोमनाथ अवघडे केमचा. जेऊरहून रेल्वेनं कुर्डुवाडीकडं निघालं की वाटेत लागणारं कुंकवाचं गाव ते. तिथं हलगी वाजवणारं पोरगं ‘फँड्री’चा जब्या झालं आणि सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आलं. रिंकू राजगुरू अकलूजची, शाळेत जाणारी मुलगी. आकाश ठोसर तालमीतला गडी. दोघांनीही आधी सिनेमात काम केलेलं नव्हतं. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि रिंकूचा राष्ट्रीय पुरस्कारांतला विशेष उल्लेख त्याच्या महिनाभर आधीच जाहीर झाला होता. पुढं शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी सिनेमा म्हणून त्याची नोंद झाली. पैसा ओतणाऱ्याच्या जागी उभं राहून विचार करा. मुंबई-पुण्यात नावाजलेल्या नटांची रांग उभी असताना सगळा डाव दोन नवख्या पोरांच्या खांद्यावर टाकायचा.

ही आंधळी उडी नव्हती. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी त्या पोरांकडून तालीम करून घेतली होती. मगच रिंकूची अर्ची बुलेटवरून येते तेव्हा ती बुलेट तिचीच वाटते, ट्रॅक्टरवर बसते तेव्हा स्टिअरिंग तिच्याच हातात असतं. आणि तालीम झाल्यावर पोरांना पोरांच्याच बोलीत बोलू दिलं. करमाळ्याकडची बोली पुण्याच्या साच्यात घालायचा हट्ट धरला नाही. आधी तयार करायचं आणि मग आड यायचं नाही. दोन्ही अर्धी मिळूनच भरवसा पुरा होतो, एकट्या अर्ध्यानं होत नाही.

आपल्याकडं बहुतेक पुढारी, मालक आणि वडीलधारे यातलं एकच अर्धं उचलतात. काही जण म्हणतात, ‘सांगितलं तेवढं कर, डोकं चालवू नको.’ काही जण म्हणतात, ‘बघ तुझं तू,’ आणि तो गटांगळ्या खायला लागला की काठावरून शिव्या घालतात. पहिल्या प्रकाराला शिस्त म्हणायची आणि दुसऱ्याला स्वातंत्र्य म्हणायचं, अशी आपली सोयीची पद्धत आहे. दोन्ही ठिकाणी हाताखालचा माणूस एकटाच असतो.

*

कंदर, वाशिंबे, जेऊर हा पट्टा उजनी धरणाच्या पाण्यावर केळीचा झाला. इथला माल आखाती देशांत जातो. व्यापाऱ्याचा माणूस बागेत येतो, घडाखाली वाकतो, फणीतल्या केळाची जाडी मोजतो, आणि दर सांगतो. बागेत उभा असतो मुलगा. वय चाळीस. शेतकीची पदवी. ठिबक त्यानं बसवलं, रोपं त्यानं आणली, खताचं वेळापत्रक त्याच्या मोबाईलमध्ये. औषध कधी मारायचं, पाणी किती तास सोडायचं, मजुरांची टोळी कुठली बोलवायची, सगळं त्याला पाठ.

“मग कटिंग परवा धरू का?”

“आण्णांना इचारून सांगतो.”

आण्णा बार्शीला लग्नात. मांडवात बँड वाजतोय, फोन लागत नाही. लागला तर ऐकू येत नाही. व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलला किक मारून पुढच्या बागेत जातो, आणि परवाची गाडी त्या बागेतून भरते. पुढच्या आठवड्यात दर उतरला की आण्णाच म्हणतात, “तुला एवढंही कळंना का? द्यायचं की!”

हे बोलणं मी मनानं रचलेलं नाही. कुठल्याही बांधावर उभे राहा, ऐकू येईल. त्या मुलाला ‘द्यायचं की’ म्हणायचा अधिकार आधी कधी मिळालाच नव्हता. दर अमुकच्या वर असला तर मला न विचारता होय म्हण, एवढं एक वाक्य आण्णांनी लग्नाला निघताना सांगितलं असतं तर काम झालं असतं. ते वाक्य तोंडातून निघत नाही, कारण त्या वाक्याबरोबर घरातलं वजन दुसरीकडं सरकतं. सातबारा आपल्या नावावर आहे तोवर पोरगं आपल्याला विचारतं, ही भीती खोल बसलेली आहे. मला आण्णांचा राग येत नाही. ज्या माणसानं दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून जमीन टिकवली, त्याला ती कुणाच्या हाती सोपवणं अवघडच जाणार. पण अवघड आहे म्हणून टाळलं, तर चाळिशीतला पोरगा पन्नाशीचा होतो आणि आण्णा गेल्यावर पहिला निर्णय चाचपडत घेतो. तोही पुढं आपल्या पोराला तसाच टांगून ठेवतो, कारण त्यानं दुसरं काही बघितलेलंच नसतं.

संस्थांमध्ये हेच दिसतं, फक्त तिथं मांडवाच्या जागी मुंबई असते. मुख्याध्यापकांकडं शेकडो पोरं सोपवलेली असतात, पण खडूचं खोकं घ्यायला अध्यक्षांची सही लागते. शाखाधिकाऱ्याला वसुलीचं टार्गेट असतं, पण शेतकऱ्याला हप्ता पंधरा दिवस पुढं ढकलून द्यायचा तर ‘साहेब मुंबईला गेलेत.’ जबाबदारी सगळी खाली, अधिकार सगळा वर. गडबड झाली की मात्र नोटीस बरोबर खालच्याच टेबलावर येते. ही लबाडी आहे. दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

*

कुणी म्हणेल, मोठा पसारा असला की असंच चालायचं. त्यानं जेऊर स्टेशनाच्या पुढं रुळाच्या कडेकडेनं थोडं चालावं.

मध्य रेल्वे, सोलापूर विभाग. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, तेव्हापासून हा रस्ता वाहतो आहे. देशातल्या मोठ्या पसाऱ्यांपैकी हा एक, आणि वरपासून खालपर्यंत नियमांनी बांधलेला. त्या पसाऱ्यात अगदी खालच्या पायरीवर चावीवाला असतो. सकाळी निघतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंड्या, एका डब्यात रुळावर लावायचे फटाके. खडीवरून पाय सावरत, एकेक क्लिप बघत जातो. ढिली दिसली की ठोकतो. उन्हाळ्यात रूळ तापून वाढतो, हिवाळ्यात आखडून तडकतो, म्हणून दोन्ही ऋतूंत त्याची नजर वेगवेगळ्या जागी जाते. ही नजर कुठल्या परिपत्रकातून येत नाही. ती त्याच्या पायात आणि कानात साठलेली असते. हातोड्याच्या आवाजावरून त्याला क्लिप घट्ट आहे की नाही ते कळतं.

आता समजा रुळाला तडा दिसला. समोरून मुंबई-सोलापूर वंदे भारत यायची आहे. चावीवाला कुणाची परवानगी मागतो? कुणाचीच नाही. तो गाडीच्या दिशेनं पळतो, रुळावर फटाके लावतो, लाल झेंडी धरतो. फटाका वाजला की ड्रायव्हर ब्रेक मारतो. झेंडी धरणाऱ्याचा हुद्दा काय, पगार किती, जात कुठली, हे इंजिनात बसलेला माणूस विचारत नाही. गाडीत मंत्री असो की महाव्यवस्थापक, गाडी थांबते. वंदे भारत जेऊरला थांबत नाही, त्याबद्दल इथल्या लोकांची नाराजी असते. चावीवाल्याला धोका दिसला तर ती थांबेल, आणि नियमानं थांबेल.

हे कसं जमलं? आधी शिकवलं. मग काय दिसलं की काय करायचं ते स्पष्ट ठरवून दिलं. आणि मग तो अधिकार परत ओढून घेतला नाही. ‘आधी इंजिनिअर साहेबांना फोन कर, मग झेंडी दाखव,’ असं रेल्वेनं ठरवलं असतं तर काय झालं असतं ते लिहायची गरज नाही. तडा ज्याला दिसतो, थांबवायचा हक्क त्यालाच हवा. बागेत घड ज्याला दिसतो त्यालाही तोच हक्क हवा, आणि वर्गात पोर ज्याला दिसतं त्यालाही.

रेल्वेत सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. भर उन्हात एकट्यानं चालणाऱ्या या माणसांना सावली, पाणी आणि मान यांपैकी काय आणि किती मिळतं, हा वेगळा लेख होईल. पण भरवसा कागदावर कसा उतरवावा, हे तिथं शिकण्यासारखं आहे.

*

‘चूक झाली तर?’ हा प्रश्न येणारच. यायलाच हवा.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातच त्याचं उत्तर पडलेलं आहे, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी, माचणूर-ब्रह्मपुरीला. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी तिथं होती. अख्ख्या हिंदुस्थानचा बादशहा, आणि भरवसा पोटच्या पोरावरही नाही. एक मुलगा, अकबर, १६८१ मध्ये बंड करून गेला होता. दुसरा, मुअज्जम, १६८७ पासून काही वर्षं बापाच्याच कैदेत होता. सरदारांत एकावर दुसऱ्याची नजर ठेवायची, हीच राज्य चालवायची तऱ्हा. शेवटी ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा स्वतः छावणी सोडून निघाला आणि एकेका किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसला. सातारा, पन्हाळा, विशाळगड. प्रत्येक गोष्ट आपल्याच नजरेखाली व्हायला हवी म्हटलं की हेच होतं. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला, दिल्लीला परत गेलाच नाही.

त्याच काळात दुसरीकडं काय होतं? १६८९ मध्ये संभाजीराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. निघताना मागच्या मुलखाचा कारभार त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला, ‘हुकुमतपन्हा’ असा किताब देऊन, म्हणजे राजाच्या गैरहजेरीत राजाचा अधिकार देऊन. जिंजी कुठं, पन्हाळा कुठं. मधल्या वाटेवर मोगल. एकेक गोष्ट विचारून करायची म्हटलं असतं तर उत्तर यायच्या आत किल्ला गेला असता. पंतांनी विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव, प्रत्येकजण आपापल्या जागी निर्णय घेत लढत होता. छत्रपती शेकडो कोस दूर, राजधानी रायगड शत्रूच्या हातात, खजिन्यात खडखडाट. तरी राज्य उभं राहिलं.

चूक झाली का? झाली, आणि मोठी झाली. संताजी आणि धनाजी यांच्यात तेढ वाढली. कुणाचा शब्द कुठं चालायचा हे नीट मिटलं नाही. १६९६ मध्ये संताजींचं सेनापतिपद गेलं आणि १६९७ मध्ये त्यांचा अंत झाला, तोही मोगलांशी लढताना नव्हे. महाराष्ट्राला तो घाव फार महागात पडला. अधिकार दिला पण दोघांच्या मधली हद्द आखली नाही, किंवा आखलेली राखली नाही, की हे घडतं. म्हणून मी ‘सगळं सोपवा आणि मोकळे व्हा’ असं म्हणत नाही. सोपवणाऱ्याचं काम सोपवल्यावर वाढतं. हद्दी आखायच्या, भांडणं वेळीच मिटवायची, पाठीशी उभं राहायचं, आणि यश आलं की आपण फोटोच्या मध्यभागी उभं राहायचं नाही. हे शेवटचं आपल्याकडच्या पुढाऱ्यांना सगळ्यात जड जातं. बंधारा अभियंत्यानं बांधला, गाळ गावकऱ्यांनी काढला, फ्लेक्सवर कुणाचं तोंड असतं ते आपण रोज बघतो.

पण दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत मांडून बघा. भरवसा टाकणाऱ्यानं एक मोठा सेनापती गमावला. भरवसा न टाकणाऱ्यानं पंचवीस वर्षं दख्खनेत घालवली आणि साम्राज्याची घडी मोडून ठेवली.

*

आता मूळ दुखणं. डोंगल.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. तो खर्च करायला आता चेकबुक लागत नाही, संगणकावर डिजिटल सही लागते. पेन ड्राइव्हसारखं छोटं यंत्र असतं, त्याला सगळे डोंगल म्हणतात. एक सरपंचाचं, एक ग्रामसेवकाचं. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दोन्ही लागले, पासवर्ड पडले की पैसे निघतात. गटाराचं बिल असो, अंगणवाडीचं असो की पाण्याच्या मोटारीचं, गावाची किल्ली म्हणजे ते डोंगल.

सरपंच बाई असेल त्या गावात जाऊन एकच प्रश्न विचारा. डोंगल कुठं आहे?

कितीतरी गावांत उत्तर येतं: ‘मालकांकडं.’ किंवा ‘दाजींच्या खिशात.’ किंवा मधेच कुणीतरी ‘ऑपरेटरकडंच असतंय की ते’ असं सांगून मोकळा होतो. बाईंचं नाव दारावरच्या पाटीवर, फोटो फ्लेक्सवर, सही कागदावर. किल्ली दुसऱ्याकडं.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. पंचायतींकडं सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या परिशिष्टात आले, आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा. महाराष्ट्रानं २०११ मध्ये हा वाटा एकूण जागांच्या निम्म्यावर नेला. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, म्हणजे गावानं मत दिलं ते बाईच्या नावाला, तिच्या नवऱ्याच्या नावाला नाही. देशानं सोपवलं, राज्यानं सोपवलं, गावानं सोपवलं. एवढ्या लांबून आलेला अधिकार घराच्या उंबऱ्यावर अडतो. हा रोग इतका पसरला की केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला २०२३ मध्ये त्यावर समिती नेमावी लागली. ‘सरपंच-पती’ असा हुद्दा ना घटनेत आहे ना ग्रामपंचायत अधिनियमात. तरी लोक लग्नपत्रिकेत तो छापतात.

‘तिला कळत नाही हो,’ असं नवरे सांगतात. काही नवरे वाईट नसतात. मदत करतो असंच त्यांना मनापासून वाटत असतं. पण ज्या बाईनं बचत गटाची वही सांभाळली, व्याजाचा हिशोब ठेवला, दुधाचे पैसे वसूल केले, तिला गटाराचं अंदाजपत्रक कळणार नाही हे मला पटत नाही. तिला कुणी समोर बसवून एकदा दाखवलं आहे का? पासवर्ड तिनं स्वतः टाकला आहे का, एकदा तरी?

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, बायकांनी आपली बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण अर्जदार बायका निरक्षर होत्या. या बायकांबरोबर बँक उभारायला निघालेल्या चेतना सिन्हा हा नकार घेऊन गावात परत आल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर शिकलेली चार माणसं पुढं करून, बायकांच्या नावानं बँक चालवून दाखवली असती. बायका म्हणाल्या, आम्ही शिकतो. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी त्या अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, लिहिता-वाचता येत नसेल, हिशोब येतो. व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला लावा. परवाना मिळाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

त्या बँकेची पुढची गोष्ट मला याहून जास्त मोलाची वाटते. बँकेनं बायकांना घरपोच व्यवहारासाठी पिन नंबर द्यायचं ठरवलं, तर बायकांनीच तो नको म्हटलं. पिन कुणीही काढून घेईल, अंगठा कुणी नेऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. बँकेच्या प्रमुखांनी ते ऐकलं आणि अंगठ्याची सोय केली. घरात पैसा कुणाच्या हातून कसा निसटतो, हे त्या बायकांना बँकवाल्यांहून चांगलं ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे त्याचं ऐकायचं, एवढं त्या प्रमुखांना जमलं. डोंगलची योजना आखताना म्हसवडच्या बायकांना कुणी विचारलं असतं, तर दाजींच्या खिशात जाणारी किल्ली त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली असती.

जेऊरच्या आसपासच्या गावांना म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे, आणि ते नवऱ्यांना उद्देशून आहे. येत्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते. यावेळी ती खरोखर घ्या. आदल्या रात्री डोंगल बाईंच्या हातात द्या, आणि पासवर्डही. जुना नको, तिला हवा तो नवा. सभेत आलेल्या बायकांसमोर तिनं ग्रामसेवकाशेजारी बसून एक बिल स्वतः उघडावं, रक्कम मोठ्यानं वाचावी, कशाचं आहे ते विचारावं, आणि पटलं तरच सही करावी. पटलं नाही तर परत पाठवावं. पहिल्यांदा बोटं अडखळतील. पासवर्ड चुकत राहिला तर डोंगल लॉकही होईल. होऊ द्या. मग करमाळ्याला पंचायत समितीत जाऊन पुढं काय करायचं ते तिनंच विचारून यावं. गाडी नसेल तर नवऱ्यानं मोटारसायकलवर सोडावं, आणि बाहेर झाडाखाली थांबावं, आत जाऊ नये.